नाव नंतर

सरांनी मला शेवटपर्यंत 'सात नंबर' म्हणूनच हाक मारली. मी प्रयोगशाळेत रुजू झाले तेव्हा हजेरीवहीत सातवी होते, एवढंच कारण. शिपाई दोन नंबर, जीप चालवणारे तीन नंबर. समोरच्या टपरीवर चहाचा निरोपही 'तीन, सात आणि माझा' असा जायचा आणि टपरीवाला मुकाट्याने तीन कप पाठवायचा. मला आधी राग यायचा, मग सवय झाली. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. दिवसभर लोक मॅडम मॅडम करतात आणि संध्याकाळी कंटाळून डोकं टेबलावर टेकलं, की वाटतं, कुणीतरी सात नंबर म्हणून हाक मारावी.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट. शेतकरी पान घेऊन येतो. म्हणतो, हे झाड केसरचं म्हणून दिलं, आता फळ भलतंच लागलंय. आम्ही ते पान वाटतो, त्यातला डीएनए वेगळा काढतो आणि त्यातल्या ठरलेल्या काही जागा तपासतो. त्या जागी एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो. तो कुठल्या झाडात किती वेळा आलाय, ते मोजायचं. पंधरा-वीस जागांचे आकडे जुळले तर जात तीच, नाही जुळले तर दुसरी. यंत्राला एवढंच कळतं. आंब्याचं पान मात्र चिकट. वाटताना काळं पडतं, निम्मे नमुने वाया जातात, त्यात वीज गेली की दिवसाचं काम पुन्हा पहिल्यापासून. सर खांदे पाडून म्हणायचे, "चला, परत एकदा." अकरा वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही.

त्यांचा एक हट्ट होता. शेतकरी दारातून "साहेब, हे केसर..." म्हणत आत आला, की सर हात वर करायचे. "नाव नंतर." जात कुठली सांगितली ते नको, बाग कुणाची ते नको, नर्सरी कुठली ते तर नकोच. आधी आकडे, मग नाव. त्यांचं म्हणणं असं, की एकदा कानावर नाव पडलं की डोळा तेच शोधतो. शेतकरी बिचारा गोंधळायचा. तीन तास एसटीत बसून आलेल्या माणसाला आपलं दुखणं सांगायचं असतं आणि हा माणूस त्याचं तोंडच बंद करतो. कित्येकजण बाहेर येऊन माझ्याकडे मन मोकळं करायचे. मी ऐकायची आणि आत जाऊन काही बोलायची नाही, कारण तसा नियम होता.

पानं वाळवायला सर लग्नपत्रिकांची रिकामी पाकिटं वापरत. कागद जाड, पान चांगलं सुकतं, असं त्यांचं मत. गुलमंडीतल्या एका छापखान्यातून रद्दीची पाकिटं ते गठ्ठ्याने उचलून आणायचे. पाकिटावर अमुक परिवार, तमुक परिवार असं छापलेलं असे. ते आडनाव काळ्या मार्करने गिरवून टाकायचं, हे नवीन माणसाचं पहिल्या महिन्याचं काम. मी निदान पाचशे आडनावं काळी केली असतील. स्वतःचंही त्यांनी तसंच केलं होतं. दारावरच्या पाटीवर नाव आणि वडिलांच्या नावाचं एक अक्षर, पुढे काही नाही. मला पाहुण्यांत हमखास कुणीतरी विचारायचं, "तुमचे सर कोणते?" आमच्याकडे या प्रश्नाचा अर्थ एकच असतो. मी म्हणायची, "माहीत नाही." ते खरंच होतं, पण जाणून घ्यावंसं मलाही वाटायचं, हे कशाला लपवू.

शहराचं नाव बदललं तेव्हा नवीन लेटरहेड छापायचं निघालं. सर म्हणाले, "जुने कागद संपू द्या आधी." कागद संपायला सहा महिने लागले. त्यावरून दोन्हीकडच्या लोकांनी त्यांच्याविषयी काय काय अर्थ काढले. त्यांना मात्र खरोखर कागदाचीच काळजी होती.

आणि आंब्यावर आयुष्य काढलेला हा माणूस आंबा खात नसे. हंगामात लोक पेट्या आणून द्यायचे, त्या आमच्यात वाटल्या जायच्या. सर आपलं डब्यातून केळं काढायचे. "केळं बरं. सगळी एकाच आईची, भांडण नाही."

माझी पहिली मोठी चूक आंब्याचीच. पैठणकडच्या एका बागेतून मी पानं आणली. कोवळी, तांबूस, हाताशी आलेली. कोवळ्या पानात डीएनए चांगला मिळतो, म्हणून मी खूश होते. आकडे आले ते केसरचे नव्हतेच. अहवाल टाइप झाला, फक्त सही राहिली. सरांनी विचारलं, "पान कुठून तोडलं?" मी म्हटलं, झाडावरून. "झाडावर कुठून?" मला आठवेना. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते त्या बागेत गेले. झाडाजवळ बसवून माझा हात धरून खोडावर ठेवला. गुडघ्याएवढ्या उंचीवर एक फुगीर गाठ हाताला लागली.

"हा जोड. खाली गावरान कोयीचं रोप, त्याला खुंट म्हणतात. वर केसरची काडी बांधलेली. आता बघा, तुमचं पान कुठं व्हतं?"

गाठीच्या खालून एक तरारलेली फूट आली होती आणि मी तीच खुडली होती. म्हणजे केसर म्हणून मी गावरान आंब्याची तपासणी केली होती. सही झाली असती तर एका चांगल्या नर्सरीवाल्याचा धंदा बसला असता. सर रागावले नाहीत. परत येताना जीपमध्ये डोळे मिटून एवढंच म्हणाले, "एका झाडात दोन झाडं असत्यात, सात नंबर. दोघांनाबी विचारायचं."

तेव्हापासून प्रत्येक कलमी झाडाचे दोन नमुने घ्यायचे ठरलं. शेंड्याचं पान आणि मुळाची साल. काम दुप्पट झालं. वरून विचारणा झाली, की मुळाची साल काय करायची आहे, फळ तर शेंड्याला लागतं. सरांनी उत्तर पाठवलं नाही. आम्ही उन्हात टिकाव घेऊन मुळं उकरत राहिलो आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत राहिलो.

मग अजिंठ्याकडचं ते प्रकरण आलं.

त्या भागातल्या एका गावात एक आंबा आहे. रेषा नाही, पिकतो उशिरा, आणि खाल्ल्यावर मागून ओल्या खोबऱ्यासारखी चव येते. शेतकऱ्याने जपलेल्या जातीची सरकारदरबारी नोंद होते. तिथे जातीचं नाव आणि जपणाऱ्याचं नाव कायमचं लागतं. या एका आंब्यासाठी दोन अर्ज गेले होते. एक गावच्या पाटलांचा. त्यांच्या विहिरीवर झाड होतं आणि आंब्याला त्यांना आजोबांचं नाव द्यायचं होतं. दुसरा अर्ज बौद्ध वस्तीतल्या एका म्हातारीचा, तिच्या दारातल्या झाडासाठी. तिला सासऱ्यांचं नाव द्यायचं होतं. अर्ज तिच्या नातवाने भरला होता. तो वाळूजला कंपनीत होता, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात त्याने ऑनलाइन फॉर्म उरकला आणि लिहिलं, 'मूळ झाड आमच्या दारातले.' दोन झाडांतलं मूळ कोणतं आणि कलम कोणतं, एवढं आम्ही सांगायचं होतं.

गावात पोचल्यावर सरांनी नेहमीचं सोंग केलं. कुठलं झाड कुणाचं हे त्यांना कळता कामा नये, म्हणून ते एसटीच्या थांब्यावर गावाकडे पाठ करून, डोक्यावर रुमाल टाकून बसले. नमुने मी घ्यायचे, पाकिटांवर फक्त अंक घालायचे. पाटलांचा मुलगा शहरात प्राध्यापक आहे, अगदी सभ्य माणूस. त्याने आम्हाला गडी दिले, जेवू घातलं. "आजोबांनी लावलेलं झाड आहे, मॅडम," तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला तेच सांगितलेलं होतं. म्हातारीच्या दारातलं झाड मोरीच्या पाण्यावर वाढलेलं, विहिरीवरच्या झाडापेक्षा बुंध्याला जाड. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याने तेच जुनं म्हटलं असतं.

मी मूळ उकरत होते तोवर म्हातारी चहाचा पेला पदराने धरून थांब्यावर गेली. नमुना घेऊन मीही तिच्या मागोमाग तिकडेच गेले, म्हणून पुढचं माझ्या कानावर पडलं.

"साहेब, माजं जरा ऐका. ह्ये झाड कसं आलं त्ये सांगते."

सरांनी हात वर केला. "आजी, नाव नंतर. आत्ता काय सांगू नका."

"नाव नाय सांगत. झाडाचं सांगते."

"तेबी नंतर. तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

म्हातारीने त्यांच्या पाठीकडे क्षणभर पाहिलं. "सगळे असंच म्हणत्यात," ती म्हणाली, पेला बाकावर ठेवला आणि गेली. सरांनी चहा प्यायला. मान वळवली नाही.

आकडे स्वच्छ आले, आमच्या कामात क्वचित येतात तसे. दोन्ही झाडांचे शेंडे सगळ्या जागी जुळले, म्हणजे जात एकच. एक नंबरच्या झाडाचं मूळ आणि शेंडाही जुळला, म्हणजे ते कोयीपासून उगवलेलं, अस्सल मूळ झाड. दोन नंबरच्या झाडाचं मूळ वेगळं निघालं, म्हणजे ते कलम. सरांनी अहवालावर सही केली आणि मग अंकांची चिठ्ठी मागितली. एक नंबर, पाटलांची विहीर. दोन नंबर, म्हातारीचं दार.

मला तेव्हा बरं वाटलं होतं. आम्ही शेतीवाडीवाले, आणि ज्यांच्या घरी जेवले त्यांचं खरं ठरलं, असं काहीतरी ते बरं वाटणं होतं. ते आठवलं की अजून माझं मला आवडत नाही. सर मात्र चिठ्ठी हातात धरून बसले. पुन्हा आकडे काढले. दोन नंबरच्या मुळाचे आकडे एक नंबरशेजारी मांडले, प्रत्येक जागेवर बोट ठेवत गेले.

"मूळ वेगळं हाय, पण परकं नाय," ते म्हणाले. "प्रत्येक जागी निम्मं जुळतंय. खालचं रोप ह्याच झाडाच्या कोयीचं. कुणीतरी ह्याची कोय लावून, तिच्यावर परत ह्याचीच फांदी बांधली." मग म्हणाले, "इतकी खटपट कोण करतं?"

पुढच्या आठवड्यातला रविवार होता. तरी त्यांनी तीन नंबरला बोलावलं आणि आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. अहवाल पोस्टाने गेला होता. म्हातारीला नातवाने फोनवर सांगितलंही होतं. ती दारात गवऱ्या रचत होती, आम्हाला पाहून उठली नाही. सर समोर उकिडवे बसले.

"आजी, सांगा आता."

"आता ऐकून काय करता? तुमचं मशीन बोललं की."

"तरी सांगा."

ती गवऱ्या रचत रचतच बोलली. सासरा पाटलांकडे सालगडी होता. कुणाच्या तरी लग्नातून परगावचा आंबा खाऊन आला, तशी कोय लुगड्याच्या चिंधीत बांधून आणली. "लावायची कुठं? आमाला जमीन कुठं व्हती? इहिरीवर लावली, त्यांच्याच. पाणी तिथंच व्हतं आन सासराबी दिसभर तिथंच." झाड फळाला आलं तेव्हा पहिले आंबे पाटलांच्या घरी गेले. पुढे वस्तीत घरापुरती जागा मिळाली, तेव्हा सासऱ्याने त्याच आंब्याची कोय मडक्यात लावली. पण कोयीचं झाड आईसारखंच निघेल असं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. सरकारी रोपवाटिकेत एक उन्हाळा कामाला असताना तो भेटकलम शिकला होता. रोपाचं मडकं घेऊन विहिरीवरच्या झाडावर चढला, फांदीला मडकं टांगलं, रोप आणि फांदी दोन्ही सोलून एकाला एक बांधलं. "तीन म्हैनं रोज चढून पाणी घालायचा. मी नवी सून व्हते. खालून तांब्या द्यायची. मग तोडून हितं आणून लावलं."

"पाटलांना दिसलं नाही?" मी विचारलं.

"फांदीला मडकं टांगलेलं कुणाला दिसत नाय, बाई?" ती म्हणाली.

सरांनी रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुमच्या नातवानं फॉर्मात लिवलं, मूळ झाड दारातलं."

"त्येला कुठं येळ हाय ऐकायला. तुमच्यावानीच."

सोमवारी त्यांनी वर एक पत्र पाठवलं, की मूळ झाड कुणाच्या जमिनीत आहे हे आम्ही सांगितलं, ते लावलं कुणी हे आमच्या तपासणीत कळत नाही, तरी अर्जदार बाईचा तोंडी जबाब घ्यावा. उत्तर आलं, की अहवाल सुस्पष्ट असल्याने अधिक चौकशीची आवश्यकता नाही. त्यांनी तीन पत्रं पाठवली. तिसऱ्याला उत्तरच आलं नाही. आंब्याची नोंद पाटलांच्या आजोबांच्या नावाने झाली. प्राध्यापक पेढे घेऊन आला, सरांनी एक उचलून टेबलावर ठेवला. तो गेल्यावर म्हणाले, "सात नंबर, नियम बरोबरच व्हता. म्या तिला ऐकलं असतं तरी आकडे हेच आले असते." मी हो म्हटलं. "मग मला झोप का लागत नाय?"

त्या दिवाळीला मी माहेरी गेले होते. आमच्या मळ्यात बांधावर जुनी चिंच आहे. मी वडिलांना विचारलं, "ही कुणी लावली?" ते म्हणाले, "तुझ्या आजोबांनी." मी विचारलं, "खड्डा त्यांनी खणला?" वडील हसले. "खड्डा कशाला खणतील ते. गडी व्हते की." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "का गं?" त्या गड्याचं नाव मी विचारलं. त्यांना आठवलं नाही. खूप वेळ आठवत बसले, तरी नाही.

त्यानंतरच्या ज्येष्ठात म्हातारी शहरात आली, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून. पिशवीत तिच्या दारातले आठ आंबे. सरांच्या टेबलावर पिशवी ठेवून म्हणाली, "खा. तुमी खात नाय म्हणं." आम्ही दारात उभे राहून बघत होतो. सरांनी शिपायाकडून सुरी मागवली नाही, आंबा हाताने पिळून, देठाकडून चोखत खाल्ला. मनगटापर्यंत रस आला. मग हात धुऊन नमुन्यांची मोठी वही काढली आणि त्या दोन झाडांचं पान उघडलं. त्यात नावाचा रकाना शेवटी असे. त्यांनी पट्टी घेऊन पानाच्या सुरुवातीलाच, अंकाच्याही आधी, नवा रकाना आखला.

"आजी, नाव सांगा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

तिने सांगितलं. त्यांनी लिहिलं. मग तिने विचारलं, "काय लिवलं त्ये वाचा." सरांनी उभं राहून वाचलं. ती बरं म्हणाली आणि गेली.

पुढे दरवर्षी आंबे उतरले की तिचा फोन यायचा. "हाय का नाव?" सर वही काढायचे, वाचायचे, ठेवून द्यायचे. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला वही दिली, पण तेवढ्या पानाची झेरॉक्स घरी नेली, फोन त्यांच्याच मोबाइलवर यायचा म्हणून. दीड वर्षाने ते गेले. त्यांच्या घरी मी तेव्हा पहिल्यांदा गेले. माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, त्रिशरण आणि पंचशील म्हटलं जात होतं. अकरा वर्षं लोक मला जे विचारत होते आणि मी मनात जे चाचपत होते, ते असं कळलं. आपल्याच माणसाविरुद्ध जाणाऱ्या कागदावर त्यांनी न बघता सही केली होती, आणि बघून केली असती तरी तीच केली असती. मला त्या खोलीत बसवेना. मी बाहेर जिन्यावर येऊन बसले.

आता सगळं संगणकावर आलंय. वरच्या कचेरीतल्या नवीन साहेबांनी विचारलं, की फॉर्ममध्ये 'लावणाऱ्याचं नाव' कशाला, तपासणीला त्याचा काय उपयोग. मी म्हटलं, काही नाही. संगणकात तो रकाना नाही, मी पेनाने समासात लिहिते. दहातल्या आठ जणांना सांगता येत नाही. नमुने अजून काळे पडतात, वीज अजून जाते, आणि मीच आता म्हणते, चला, परत एकदा.

या ज्येष्ठात प्रयोगशाळेचा फोन वाजला. आवाज पार खोल गेला होता, पण ओळखला.

"साहेबांचा फोन लागंना. दोन दिस झालं लावतेय."

मी सांगितलं, सर गेले. तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"तू ती माती उकरणारी ना?" तिने विचारलं.

"हो आजी."

"वही हाय का तुज्याकडं?"

"आहे."

"मग तू वाच."

मी कपाटातून वही काढली, पान उघडलं. सरांचं अक्षर, पट्टीने आखलेला रकाना, कोपऱ्यात आंब्याच्या रसाचा पिवळा डाग. मी उभी राहिले आणि वाचलं. "लावणारा, रखमाजी. कलम बांधणारा, रखमाजी. तांब्या देणारी, सून भागाबाई."

शेवटची ओळ मला माहीत नव्हती. ती वेगळ्या शाईत होती, केव्हातरी नंतर लिहिलेली. तिलाही माहीत नसावी, माझ्यादेखत तरी सरांनी ती तिला कधी वाचून दाखवली नव्हती.

"परत वाच," ती म्हणाली.